न्यू सुमनचा रिकामा एस

इंग्रजी अक्षरांत सगळ्यात दगाबाज अक्षर एस. ए, एच, टी ही साधी माणसं. पट्टी लावा, रेघ ओढा, उभी राहतात. ओ गोल असला तरी ताटली ठेवून काढता येतो. एसला मात्र धरायला कुठे जागाच नाही. त्याच्यात एकही सरळ रेघ नाही आणि पुन्हा वरचं पोट खालच्या पोटापेक्षा जरासं लहान ठेवावं लागतं, तेव्हा कुठे दोन्ही सारखी दिसतात. अगदी मापून सारखी काढली, तर एस पुढे कलंडल्यासारखा वाटतो. खोटं वाटत असेल तर घरात सिमेंटचं रिकामं पोतं असेल त्यावरचा एखादा एस उलटा करून बघा. बिचारा डोकं जड झालेल्या माणसासारखा दिसेल.

मी बोर्ड रंगवणारा माणूस. घर सौसरला, काम सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत. मधे लोधीखेडा, मोहगाव, बोरगाव, जिथून बोलावणं येईल तिथे ब्रशांची थैली खांद्याला लावून बसनं किंवा कुणाच्या फटफटीमागे बसून जायचं. दुकानांचे बोर्ड, शाळेच्या भिंती, ट्रकांचे मागचे फळके, विहाराच्या कमानीवरची अक्षरं, सगळं केलं. आता गुडघे शिडीला नाही म्हणतात, आणि शिडीलाही माझी गरज उरलेली नाही. कॉम्प्युटरवाला पोरगा बसल्या जागी एक बटण दाबतो आणि एस तयार. त्याला पोटही नसतं आणि पाठही नसते. ओळखीच्या एका मास्तरांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटलं, तेव्हा मला हसूच आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचीच नावं लिहिली मी. पण दुपारी खाटेवर पडलो की डोळ्यांसमोर अक्षरं तरंगायला लागतात, आणि त्यात हा एस नेमका पुढे येतो. म्हणून त्याचीच गोष्ट सांगतो.

बाहेरच्यांना आमच्याकडचा एक घोळ आधी सांगितला पाहिजे. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि दुकानाच्या बोर्डावर इंग्रजी. राज्य मध्य प्रदेश, सोयरीक सगळी नागपूर-वर्ध्याकडे. लोधीखेड्याच्या एका किराणा दुकानात दोन भागीदार होते, एक मराठी, एक हिंदी. गावाच्या नावातल्या 'ड'खाली हिंदीत टिंब असतं, मराठीत नसतं. एक म्हणाला टिंब टाक, दुसरा म्हणाला टिंब दिसलं तर बोर्ड परत. मी टिंब दिलं, पण पिवळ्या जमिनीवर, म्हणजे अक्षरांमागच्या रंगावर, जरासं गडद पिवळं. ज्याला हवं होतं त्याला ते दिसलं, ज्याला नको होतं त्याला दिसलं नाही. दोघांनीही मला वेगवेगळा चहा पाजला.

इंग्रजीचा घोळ मात्र असा रंगात मिसळून सुटत नसे. माझ्या दुकानासमोर चहाची टपरी होती, टपरीसमोर एक बाक, आणि त्या बाकावर संध्याकाळी इंग्रजीचे दोन मास्तर बसत. दुबे सर जबलपूरकडून बदलून आलेले, उंच, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं हिंदीत. पराते सर सौसरचेच, ठेंगणे, आणि हट्टाला पेटले की कपातला चहा गार होऊ देणारे. मी बोर्ड वाळत घातला की दोघं तो वाचत आणि वाचला की भांडत.

मोहगावच्या एका सुताराचा बोर्ड मी असाच भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यानं कागदावर लिहून दिलं होतं तसं मी 'फर्निचर्स, मोहगाव' लिहिलं होतं. दुबे सर उठून जवळ आले आणि बोटानं एस झाकून बघू लागले.

"पेंटर, यह क्या लिख दिया? फर्निचर का बहुवचन होता ही नहीं. दस कुर्सी रखो, पचास रखो, फिर भी फर्निचर."

"तुमच्या जबलपूरले नसन होत," पराते सर बाकावरूनच म्हणाले. "नागपूरले जाऊन पाहा. ज्याच्या त्याच्या दुकानावर फर्निचर्स हाय."

"तो पूरा नागपुर गलत है."

"सारा मुलूख एकच लिहिते अन् तरी चूक? मंग भाषा कोनाची म्हनायची, पुस्तकाची का लोकायची?"

तेवढ्यात सुतार बोर्ड न्यायला आला. त्याला विचारलं तर तो घाबरून म्हणाला, "सर, एस काढला तं लोकायले वाटन ना, का ह्याच्याजवळ एकच खुर्ची हाय!"

पराते सरांनी मांडी थोपटली. मग त्यांनी आपला लाडका सिद्धांत मांडला. तो मी त्यांच्या तोंडून नंतरही पुष्कळदा ऐकला. ते म्हणाले, "आपन बापाले 'तो आला' म्हन्तो का? 'ते आले' म्हन्तो. बाप एकटाच आला, तरी 'ते आले'. तसाच आपल्याकडचा ह्यो एस हाय. ह्यो मोजायचा एस नाही, मान द्यायचा एस हाय."

"अंग्रेज़ी में मान नहीं होता, पराते जी. व्याकरण होता है," दुबे सर म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

शेवटी सुतारानं दुबे सरांचं ऐकलं, कारण त्यांच्याकडे त्याची पोरगी शिकत होती. मी एसवर पिवळा हात मारला. पण लाल रंग पिवळ्याखाली कायमचा दबत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी अडचण. आज झाकला तरी ऊन खाऊन खाऊन वरचा पिवळा विरतो, आणि खालचा लाल हळूहळू गुलाबी होऊन वर येतो. दोन-चार उन्हाळ्यांनी मी मोहगावला गेलो, तर तो एस बोर्डावर आपला निवांत उभा. सुतार म्हणाला, आता राहू द्या, आता आम्हाला त्याची सवय झाली.

आता आमच्या कामातली एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. ही रीत मी माझ्या उस्तादांकडून उचलली. ते पांढुर्ण्याचे. बोर्डाची सगळी अक्षरं पेंटरनं भरायची, पण शेवटच्या अक्षराची फक्त कड काढायची, आतली जागा रिकामी ठेवायची. ती घरातल्या मोठ्या माणसानं स्वतःच्या हातानं भरायची. आजोबा अंथरुणाला खिळलेले असले तर बोर्ड त्यांच्या खाटेशी न्यायचा. थरथरत्या हातानं रंग बाहेर गेला तर तो पुसायचा नाही. आणि ते अक्षर भरल्याशिवाय पेंटरनं कोपऱ्यात आपली सही करायची नाही. दुसऱ्या कुणी ते भरायचं नाही, पेंटरनं तर नाहीच. उस्ताद म्हणत, बोर्ड आपण रंगवतो, पण दुकान घरच्यांचं असतं, तेव्हा शेवटचा हात त्यांचाच पाहिजे. कुणी नारळ फोडे, कुणी अगरबत्ती लावी, आमच्या वस्तीत मेणबत्ती लावून जयभीम करत. ब्रश मात्र सगळ्यांच्याच घरातलं मोठं माणूस धरत असे. इंग्रजी बोर्डांमुळे झालं असं की ज्वेलर्स, ड्रेसेस, ब्रदर्स, टेलर्स, सगळ्यांच्या शेवटी एस, आणि म्हातारीकोतारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी अक्षर काढत ते थेट एसच. सगळ्यात दगाबाज अक्षर त्यांच्या वाट्याला. किती वाकडेतिकडे एस मी त्या काळी पाहिले! सगळे मला आवडले.

विहाराच्या गल्लीत सुमनबाई राहायच्या. नवरा लवकर गेला. शेतावर जाणाऱ्या बायांच्या घोळक्यातून बाहेर पडून त्या शिवणकाम शिकल्या, आधी घरच्या ओसरीत मशीन टाकली, मग बाजारात माझ्या दुकानाजवळच एक गाळा घेतला. कापड टेबलावर पसरायचं, बाईकडे एकदा डोळे बारीक करून बघायचं आणि खडूनं रेघ मारायची, एवढंच त्यांचं माप. टेप गळ्यात असायची ती दागिन्यासारखी. त्यांच्या हातचा ब्लाउज अंगावर बसला की बसला, अशी बायकांत ख्याती होती. आमची ओळख गल्लीतली, पण मैत्री एका शब्दावरून झाली. लाकडावर रंगाआधी जो पातळ हात मारतात त्याला आम्ही अस्तर म्हणतो, आणि कपड्याच्या आतल्या बाजूच्या कापडाला त्याही अस्तरच म्हणत. त्या म्हणाल्या, "म्हंजे भाऊ, तुमचं न् माहं काम एकच. जे दिसत नाही ते आधी चांगलं करा लागते."

गाळ्यासाठी त्यांनी बोर्ड करायला सांगितला: सुमन लेडीज टेलर्स, इंग्रजीत. पिवळी जमीन, लाल अक्षरं, काळी सावली. शेवटचा एस रिकामा ठेवून मी विचारलं, "घरात मोठं कोन हाय?"

"मीच मोठी न् मीच लहान," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या मुलीला पुढे ढकललं. वंदना तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. "हिच्या हातानं भरून घ्या. दुकान हिच्याचसाठी काढून राहिली ना मी."

रीत मोडत होती, पण मला नाही म्हणवेना. वंदना स्टुलावर चढली. जीभ दातांत धरून तिनं एस भरला. वरचं पोट छान भरलं, खालच्या शेपटाशी मात्र रंग कडेबाहेर गेला आणि तिथे बोरासारखा एक फुगवटा झाला. मी चिंधी घेऊन पुढे झालो तशा सुमनबाई म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. तिचा हात हाय तो." मी कोपऱ्यात सही केली. तो बोर्ड वर चढला तेव्हा सुमनबाई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि पुष्कळ वेळ तशाच बघत राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. चेहऱ्यावर मात्र सगळं वाचल्यासारखं समाधान होतं.

वंदना आईच्या मशीनशेजारीच वाढली. पुढे नागपूरला कुठल्याशा क्लासला जाऊन कागदावर नमुने काढून कापायला शिकली. लग्न पांढुर्ण्यात झालं, तरी सकाळच्या बसनं सौसरला यायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची. सासरचे चांगले, कुणी काही म्हणत नव्हतं. मायलेकी शेजारी शेजारी बसून मशीन चालवत, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला एकच लांब मशीन चालू आहे असं वाटे.

बिघडलं ते एका लग्नाच्या सीझनमध्ये. बोरगावची एक नवरी आपल्या आई-मावशांसह ब्लाउज घालून बघायला आली होती. बाही जरा ओढत होती. सुमनबाई मागे चहा ठेवायला वळल्या तेवढ्यात वंदनानं बाहीचे टाके उसवले आणि आईनं कापलेल्या कापडाला कैची लावली. शिवाय नवरीला म्हणाली, "आईचं कटिंग जुनं हाय. मी नवीन पद्धतीनं बसवून देते." एकानं कापलेल्या कापडाला दुसऱ्यानं विचारल्याशिवाय कैची लावायची नाही, हे शिवणाऱ्या लोकांत कुणी शिकवावं लागत नाही. सुमनबाईंनी ते ऐकलं आणि पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवले. ब्लाउज झकास बसला, आणि खरं तर हेच जास्त वाईट झालं. पाहुणे गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माही कैची ठेव खाली."

वंदनानं कैची ठेवली. दुसऱ्या दिवशी ती बसनं आली नाही. त्यानंतरही आली नाही. काही महिन्यांनी कळलं की तिनं पांढुर्ण्यात स्वतःचा गाळा घेतला.

सुमनबाईंनी मला बोलावलं. त्या मशीनवरून उठल्या नाहीत, मान वर केली नाही. "भाऊ, बोर्डावरचा शेवटचा एस काढून टाका. आता मी एकटीच हाय."

"असू द्या ना, बाई. कोन पाहते?"

"मी पाहते," त्या म्हणाल्या.

मी शिडी लावली. खाली बाकावरून दुबे सरांनी पाहिलं आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. "अब सही हुआ," ते म्हणाले. "एक टेलर, तो टेलर." पराते सरांनी चहावाल्याला सांगितलं की आज दुबे सरांचा चहा आपल्या नावावर मांडू नको. मी वर उभा राहून पिवळा ब्रश फिरवत होतो. शेपटाशी आलो तेव्हा तो बोरासारखा फुगवटा बोटाला लागला. त्याच्यावरही रंग फिरवला. हाताला इतकं जड काम मी कधी केलेलं नाही. खाली मशीन चालूच होती, पण त्या टाके घालत नव्हत्या, नुसतंच चाक फिरवत होत्या. इतक्या वर्षांच्या शेजारानं तेवढं ऐकून कळतं.

त्याच महिन्यात पांढुर्ण्याहून वंदनाचा निरोप आला. बोर्ड करायचा होता. तिनं मजकूर सांगितला आणि मी ब्रश खाली ठेवला. 'न्यू सुमन लेडीज टेलर्स.'

"अवं पोरी, आईचं नाव? तिले कळलं तं फाडून खाईन ती."

"खाऊ द्या. मले दुसरं नाव सुचत नाही, काका."

"अन् टेलर्स कायले? एकटीच तं हाय तू. दुबे सर पाहतीन तं म्हनतीन चूक हाय."

ती कापड घडी करत होती. म्हणाली, "चूक असली तं असू द्या. जागा धरून ठेवा."

मी सगळी अक्षरं भरली. शेवटच्या एसची कड काढली आणि थांबलो. तिला रीत पाठ होती. तिची सासू ब्रश धरायला तयार होती, चांगली प्रेमळ बाई, पण वंदना हात जोडून म्हणाली, "आई, तुमी रागवू नका. ह्यो तिचा हाय." सासूनं रागवायचं सोडून तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि तो बोर्ड तसाच वर चढला, शेवटचा एस आतून रिकामा. माझ्या सहीचा कोपराही रिकामाच. माझ्या हातचा बिनसहीचा असा तो एकच बोर्ड.

सुमनबाईंना बातमी कळायची ती कळली. नाव ऐकून त्या भडकल्याच. "न्यू म्हंजे मी जुनी ना?" असं त्यांनी मला रस्त्यात धरून विचारलं. मी रिकाम्या एसबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक वढायचे धंदे हायेत हे." त्यांचं वागणं मोठं विचित्र होतं. नातू झाला तेव्हा लाडूंचा डबा घेऊन पांढुर्ण्याला गेल्या, बाळंतिणीला न्हाऊमाखू घातलं. सणावाराला जात. मुलीशी बोलत, जावयाची चौकशी करत. पण दुकानाच्या रस्त्याला वळत नसत. बसमधून उतरून दुकान वाटेत येतं म्हणून दुसऱ्या गल्लीनं फिरून जात. वंदनानंही कधी चला म्हटलं नाही. दोघी घरात एका ताटात जेवल्या असतील, पण दुकानाचा विषय निघाला की दोघींच्या तोंडाला टाका.

पांढुर्ण्यातले लोक त्या एसला हसत. कुणी म्हणे पेंटरचा रंग संपला, कुणी म्हणे पेंटर भांडून गेला. आमच्या बाकावर मात्र त्यावर फार वर्षं चर्चा चालली. दुबे सर रिटायर होऊन इथेच स्थायिक झाले, तरी त्यांचं मत बदललं नाही. रिकामा एस व्याकरणात धरायचा की नाही, असा त्यांना प्रश्न पडे. पराते सर म्हणत, धरायचाच. पण एकदा, पराते सर आजारी होते तेव्हा, दुबे सर बाकावर एकटेच बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पेंटर, वह पांढुर्ना वाला एस... वह सही है. पर पराते को मत बताना." मी सांगितलं नाही. पराते सर बरे होऊन आले तशी दोघं पुन्हा भांडायला लागले, आणि मला ते बघून बरं वाटलं.

मग फ्लेक्स आले. एकेक करून माझे बोर्ड उतरले. कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर ज्वेलर्स, कुणाच्या न्हाणीच्या दाराला ब्रदर्स. मी वाटेनं जाताना ओळखीच्या माणसासारखी त्यांच्याकडे मान हलवायचो.

यंदा संत्र्याचा बहर उतरत होता तेव्हा वंदनाचा फोन आला. "काका, बोर्डाची चौकट सडली. आज उतरवून राहिले, फ्लेक्सवाला येऊन बसला हाय. तुमी एकदा पाहून जाता का?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण बोलून झाल्यावरही तिनं फोन ठेवला नाही.

मी थैली घेतली. त्यात एक ब्रश टाकला आणि वाटेत हार्डवेअरमधून लाल रंगाची लहान डबी घेतली. का घेतली असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. सुमनबाईंच्या दुकानाशी थांबलो. त्या आता थोडंच काम घेतात, डोळ्यांवर जाड चष्मा आहे. मी म्हणालो, "पांढुर्ण्याचा बोर्ड उतरवून राहिले आज." त्यांनी हं केलं आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा जाईना. मी निघालो.

बस सुटायला आली तेव्हा त्या पायरी चढून आल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. हातात पिशवी, गळ्यात टेप तशीच. काढायची राहून गेली असावी. दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे मागे जात होते, खिडकीतून गोडसर वास येत होता, आणि मला डुलकी लागली. डुलकीत मला सगळे उतरलेले बोर्ड दिसले, झाडांना संत्र्यांसारखे टांगलेले, आणि त्यांच्या शेवटचे एस वाऱ्यावर हलत होते. जागा झालो तेव्हा सुमनबाई बाहेर बघत होत्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तो खरंच रिकामा हाय का अजून?"

"चला, तुमीच पाहा."

या वेळी त्या दुसऱ्या गल्लीनं वळल्या नाहीत. दुकानासमोर बोर्ड दोन विटांवर आडवा टेकवला होता. फ्लेक्सवाला गुंडाळी सोडत होता. वंदना दारात आली आणि आईला बघून तिथंच चौकटीला धरून उभी राहिली. सुमनबाई तिच्याकडे गेल्याच नाहीत. त्या थेट बोर्डाशी गेल्या, वाकल्या, आणि एसच्या कडेवरून बोट फिरवलं, वरच्या पोटावरून खालच्या पोटावर, शेपटापर्यंत. आत धूळ साचली होती. पदरानं ती त्यांनी पुसली.

"ब्रश हाय का, भाऊ?"

मी डबी उघडली. त्या जमिनीवर बसल्या. वर्षानुवर्षं खडूची रेघ न चुकलेला हात तो. वरचं पोट भरलं, खालचं भरता भरता लाल रंग कडेबाहेर गेला.

"आई, लाइन सोडून राहिली तू," वंदना म्हणाली.

"मले शिकवू नको," सुमनबाई म्हणाल्या. "तुनं तं त्यापेक्षा जास्त सोडली होती."

मग वंदना खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सुमनबाईंच्या हातात ब्रश तसाच होता, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मी तो घेतला आणि कोपऱ्यात सही केली. फ्लेक्सवाल्यानं घसा खाकरून विचारलं, "आता ह्या फ्लेक्सचं काय करू?" वंदना डोळे पुसत म्हणाली, "टेबलाखाली अंथरून द्या. कटिंगच्या चिंध्या झाडायले बरा पडन." त्या दिवशीच सुतार बोलावून चौकट बदलली, आणि बोर्ड परत वर गेला. सुमनबाई दुकानाच्या आत गेल्या. कपाटातल्या शिवलेल्या कपड्यांची बाही उलटी करून अस्तर बघत होत्या. प्रत्येक बाही पुन्हा सरळ करून जागच्या जागी ठेवत होत्या, म्हणजे काम पसंत पडलं होतं.

आम्ही दोघं परत सौसरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. तिरप्या उजेडात जुने रंग बोलतात. सुमनबाईंच्या दुकानाशी आलो आणि, एस झाकल्यापासून त्या बोर्डाकडे मान वर करायचं टाळत आलेला मी, आज सहज वर पाहिलं. पिवळ्याखालून एस वर आला होता, फिकट गुलाबी, पण पुरता. शेपटाजवळचा तो बोराएवढा फुगवटासुद्धा. मला शिडीवर चढणं जमणार नव्हतं, तरी मी म्हणालो, "सुमनबाई, तुमचा एस वर आला, पाहा. म्हनान तं कोनाले चढवून लाल करून देतो."

त्या कुलूप उघडत होत्या. त्यांनी वर बघितलंच नाही.

"मले मालूम हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात थोडा थोडा वर येऊन राहिला. म्हनून तं तुमाले पिवळा मारायले परत बोलावलं नाही."